मुंज, भाग २

आमच्या घरात लॅपटॉप एकच, आणि तोही २०१३ सालचा. चिरंजीव तेव्हा सातवीत होते आणि त्यांना शाळेचे 'प्रोजेक्ट' करायचे होते, म्हणून घेतलेला. चिरंजीव आता बंगळुरूला नोकरी करतात आणि कंपनीचा चकचकीत लॅपटॉप वापरतात. प्रोजेक्टवाला इथे डोंबिवलीत, आमच्या वाट्याला. त्यावर मी शाळेच्या प्रश्नपत्रिका काढते, आमचे हे शेअर बाजार उघडून उसासे टाकतात आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, सोसायटीची इतिवृत्तं टाइप करतात. अप्पा वर्षानुवर्षं सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही.

लॅपटॉप सुरू करायची आमची पद्धत ठरलेली होती. बटण दाबायचं, कुकर लावायचा, कांदा चिरायचा, भाजी फोडणीला टाकायची आणि मग हात पुसत येऊन पाहायचं. तोवर 'वेलकम' आलेलं असायचं आणि त्याच्याखाली ठिपके गोल गोल फिरत असायचे. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क आतून 'कर्र, टक' असा आवाज काढायची. अप्पा शांतपणे म्हणायचे, "विचार करतोय तो. करू दे."

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ घ्यायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आमचा तिसऱ्या पिढीचा. हे अप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिसरी पिढी म्हणजे आपला ओंकारच झाला की! त्याहून तरुण कशाला पाहिजे?"

"नवीन घेऊ या, हप्त्यावर," हे म्हणाले. यांचा प्रत्येक बिघाडावर हाच उतारा असतो. ओंकारला फोन लावला तर तो म्हणाला, "आई, काही नवीन घेऊ नकोस. एसएसडी टाक, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क. डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी, म्हणजे डिस्क बसवायची चौकट, लाव आणि जुनी हार्ड डिस्क त्यात बसव. आणि विंडोजच्या शेजारी लिनक्स, म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. अर्ध्या तासाचं काम आहे."

ही अर्ध्या तासवाली माणसं फक्त स्क्रू ड्रायव्हर हातात असतो तेवढाच वेळ मोजतात. सामान कुठलं आणायचं, आधी काय वाचवायचं आणि घरातल्यांना काय काय पटवायचं, हे त्यांच्या हिशेबात नसतंच.

दोन ऑपरेटिंग सिस्टिम कशाला, असं कुणी विचारेल. तर अप्पांसाठी. अप्पांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतांच्या, म्हणजे युनिकोडच्या, आधीच्या काळातलं आहे, आणि ते फक्त विंडोजवर चालतं. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या खुर्चीवर बसवलेली असतात. फॉन्ट नसला की मराठी उठून जाते आणि मागे डोक्यावर टोप्या, पोटात शेपट्या असलेली भलतीच रोमन अक्षरं उरतात. सोसायटीचा सगळा इतिहास, म्हणजे गळक्या टाकीचे ठराव, पार्किंगची भांडणं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दलचा खलिता, याच लिपीत बंद आहे. म्हणून मी वाटणी ठरवली. विंडोजचं वायफाय बंद, तिथे फक्त अप्पांची इतिवृत्तं. इंटरनेट, बँक, शेअर बाजार सगळं लिनक्सवर. आधार संपलेल्या सिस्टिमवर बँकेची साइट उघडायची नाही, एवढी साधी गोष्ट होती. ती घरी पटवायला जास्त वेळ लागला.

"लिनक्स कितीला मिळतं?" अप्पांनी विचारलं.

"फुकट आहे, अप्पा. १९९१ साली फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलं, मग जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलं."

"फुकट? मग त्यात काहीतरी असणार." सोसायटीत कुणी फुकट रंगकाम करून देतो म्हणाला की अप्पा हेच म्हणतात, आणि तिथे ते बरोबर ठरतात.

कॅडी साडेनऊ मिलिमीटरची येते आणि १२.७ मिलिमीटरचीही. जाडी चुकली तर एक बसतच नाही आणि दुसरी बसून खुळखुळते. मी विज्ञान शिकवते. शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्निअर कॅलिपर घरी आणलं. मुलांना मी वर्षानुवर्षं त्यावर गोट्या आणि नळ्या मोजायला लावते. 'बाई, याचा पुढे उपयोग काय?' असं विचारणारा एक तरी दरवर्षी असतोच. त्या सगळ्यांना मनातल्या मनात उत्तर देत मी ड्राइव्हची कड मोजली. साडेनऊ.

रविवारी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण टॅक्सीवाल्याला ते सांगितलं तर तो आधी तुमच्याकडे बघतो. डोंबिवलीहून दादर, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांच्या पोटात दुकानं, आणि जिन्याखाली मावेल एवढ्या जागेत एक मुलगा भिंग लावून मदरबोर्ड डागतोय.

"एक साडेनऊची कॅडी द्या, साटा जोडणीची," मी म्हणाले.

दुकानदाराने यांच्याकडे पाहिलं. "सर, साडेनऊ की बारा पॉइंट सात?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "साडेनऊ," मी म्हणाले.

"सर, एकदा खात्री करा हां. बदलून मिळणार नाही."

"मॅडमनी मोजलंय," हे म्हणाले.

"पट्टीने मोजून चालत नाही, सर."

मी पर्समधून व्हर्निअर काढलं आणि काउंटरवरच्या कॅडीला लावलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला. एसएसडी, यूएसबीची वायर, बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर सगळं मलाच दाखवलं. पैसे मात्र यांच्याकडे मागितले.

घरी आल्यावर मोठं काम होतं ते जुन्या डिस्कची आवराआवर. त्यावर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (२)', 'न्यू फोल्डर (२) - कॉपी', 'फायनल' आणि 'फायनल नक्की' असे विभाग होते. कोकणच्या एकाच सहलीचे फोटो त्यातल्या बहुतेक सगळ्यांत होते. आवरून झाल्यावर एसएसडी वायरने बाहेरून जोडली, क्लोनझिला नावाचं डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि झोपायला गेलो. सकाळी जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तयार. हे काम खरंच माणसाविना होतं, आणि म्हणूनच बिनबोभाट झालं.

मग लॅपटॉप डायनिंग टेबलावर पालथा घातला. बॅटरी काढली. एका कागदावर त्याच्या पाठीचं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने डकवत गेले, कारण काही लांब असतात, काही आखूड, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वर की-बोर्डला टेकू देतो. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा असा थर बसला होता की तो चिमटीत धरून सलग, अख्खा उचलता आला. यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "कापडच की हे."

डीव्हीडी ड्राइव्ह एका स्क्रूवर असतो. तो काढला की सगळं अंगच बाजूने सरकत बाहेर येतं. त्याच्या तोंडावरची प्लॅस्टिकची पट्टी नखाने सोडवून कॅडीला लावायची, म्हणजे बाहेरून फरक कळत नाही. पट्टी सुटेना, म्हणून ट्रे उघडावा म्हटलं. भोकात टाचणी घातली, 'टक्' झालं, ट्रे बाहेर आला आणि त्यात एक डीव्हीडी. वर मार्करने लिहिलेलं: 'चि. ओंकार, मुंज, भाग २'.

घरात एकच गोंधळ. मुंजीच्या डीव्हीड्या नणंदेने नेल्या आणि परत केल्या नाहीत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यावरून एका दिवाळीत थोडं बोलणंही झालं होतं.

"लाव, लाव, बघू या," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आता कशावर लावू?" माझ्या एका हातात ड्राइव्ह होता, दुसऱ्या हातात त्याच्या जागी जाणारी कॅडी. ड्राइव्ह काढला म्हणून मुंज सापडली आणि ड्राइव्ह काढला म्हणून ती दिसेना. अप्पांना मी हे दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि विचारलं, "मग आधी मुंज बघून मग काढला असतास तर?"

एसएसडी मुख्य जागी, जुनी हार्ड डिस्क कॅडीत, स्क्रू आपापल्या घरी. बटण दाबलं आणि सवयीने मी कांद्याकडे वळले. कांदा सोलायच्या आत विंडोज उघडलं. अप्पांना ते आवडलं नाही. "विचार न करताच उघडलं," ते म्हणाले.

मग लिनक्स, त्यातला मिंट नावाचा प्रकार. मिंट भरलेला पेन ड्राइव्ह लावायचा आणि तिथून सुरू करायला लॅपटॉप चालू होता होता एफ-टू बडवायचं. कुणाच्या लॅपटॉपला एफ-ट्वेल्व्ह लागतं, कुणाच्या एस्केप, आणि बडवायला मिळतो तो क्षण तुमची पापणी लवते तेवढाच. त्याआधी विंडोजमध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद केलेलं बरं, नाहीतर विंडोज पूर्ण झोपतच नाही आणि त्याच्या खोलीतल्या वस्तूंना लिनक्सला हात लावता येत नाही. मिंट बसवताना एका पडद्यावर दोन पर्याय येतात: विंडोजच्या शेजारी बसव, किंवा डिस्क पुसून बसव. माझ्या मागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून अप्पा उभे होते.

"'इरेज' म्हणजे पुसणार?"

"तो नाही निवडत आहे, अप्पा."

"पण तुझा बाण त्याच्यावरून गेला."

"जाताना गेला."

"मग लांबून ने ना."

मी बाण पडद्याच्या कडेकडेने, प्रदक्षिणा घालून, पहिल्या पर्यायावर नेला. अप्पांनी श्वास सोडला.

मिंटमध्ये मेन्यू डावीकडे खाली, पट्टी खाली, घड्याळ उजवीकडे. दुसऱ्या दिवशी यांनी लॅपटॉप उघडला, शेअर बाजार पाहिला, उसासा टाकला आणि म्हणाले, "विंडोज काय पळायला लागलंय!" मी काही बोलले नाही. यांना अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

पुढचा प्रश्न घड्याळाचा. सकाळी दहा वाजता अप्पांनी विंडोजमध्ये सभेची सूचना लिहायला घेतली आणि कोपऱ्यात पाहिलं तर पहाटेचे साडेचार. लॅपटॉपच्या पोटात बॅटरीवरचं एक घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा.

"म्हणजे ग्रिनिचची वेळ?" अप्पांचे डोळे चमकले. मग त्यांचं बालपणीचं गिरगाव सुरू झालं. देशभर एकच प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, पण मुंबईने आपला वेगळा 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत चालवला, एकोणचाळीस मिनिटं मागे. "आमच्या चाळीत दोन्ही घड्याळं होती. कुणी उशिरा आला की तो दुसरं घड्याळ दाखवायचा." मी लिनक्समध्ये एक ओळ लिहून दोघांची वेळ जुळवली. अप्पांना थोडं वाईटच वाटलं.

खरी परीक्षा ग्रबने, म्हणजे कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमने, घेतली. सुरू करताना काळ्या पडद्यावर यादी येते: लिनक्स की विंडोज? दहा सेकंदांत निवडा, नाहीतर लिनक्स. दहा सेकंदांत अप्पांना बटण दाबायचं, चष्मा शोधायचा, तो आधीच कपाळावर आहे हे लक्षात यायचं, खाली ओढायचा आणि वाचायचं असतं. रोज लिनक्स लागायचं. रोज हाक यायची, "अगं, हा परत फिनलंडला गेला!" शेवटी मी ग्रबच्या फाइलमध्ये वेळेच्या जागी उणे एक लिहिलं. आता ते कुणी निवडेपर्यंत थांबून राहतं. हे कुरकुरले की उगाच एक बटण जास्त दाबावं लागतं. अप्पा म्हणाले, "या घरात माझ्यासाठी थांबणारं निदान एक तरी झालं."

मुंजीचं मात्र ते विसरले नव्हते. काढलेल्या ड्राइव्हला यूएसबीचं बाहेरचं घर मिळतं, ते ओंकारने बंगळुरूहून ऑर्डर करून पाठवलं. पाठवताना व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'कुणाला दाखवणार असाल तर गोटा केलेला भाग पुढे ढकला.' रात्री जेवणं झाल्यावर व्हीएलसीमध्ये डीव्हीडी लावली. भाग २ म्हणजे अथपासून इतिपर्यंत पंगत होती. कॅमेरा एकेका पानापुढे थांबत होता आणि माणसं घास तोंडात असताना हसायचा प्रयत्न करत होती. ओंकार एकदाच दिसला, पाठमोरा, जिलबीच्या ताटाकडे जाताना. नणंद मात्र सारखी दिसत होती, आणि दर वेळी अप्पा माझ्याकडे बघत होते.

"मग भाग १ कुठाय?" डीव्हीडी संपल्यावर त्यांनी विचारलं.

कुणीच बोललं नाही. मग अप्पांनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं. माळ्यावर चादरीत गुंडाळलेला आमचा जुना डेस्कटॉप आहे, आणि त्यालाही सीडीचा ड्राइव्ह आहे. "टाचणी आहे ना गं घरात?" अप्पा म्हणाले. हे उठून स्टूल आणायला गेले. या सगळ्या प्रकरणात यांनी आपण होऊन काही उचललं ते तेवढंच.