पाठीवरचा ताळेबंद

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावे, याविषयी नाशिकमध्ये फारसे मतभेद नाहीत. सकाळी गोदाकाठी फेरी मारावी, रविवारी मिसळ खावी, सोसायटीच्या सचिवपदाचे लोढणे गळ्यात अडकवून घ्यावे आणि पाण्याच्या टाकीवरून शेजाऱ्यांशी वैर धरावे. मी मात्र निवृत्तीनंतरच्या तिसऱ्याच महिन्यात, रात्रीच्या जेवणाच्या वेळी, अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,५०० किलोमीटरची डोंगरवाट सलग चालून पुरी करणार असल्याचे जाहीर केले. बायकोने माझ्या वाटीत आमटी वाढली आणि विचारले, "किती दिवस?" मी म्हणालो, "सहा महिने." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मग दूध अर्धा लिटरच पुरेल."

या घोषणेला आता दोन वर्षे होत आली आहेत. या काळात मी प्रत्यक्षात पांडवलेणीपलीकडे गेलेलो नाही, परंतु तयारीच्या बाबतीत विचाराल तर मी ती वाट मनाने तीनदा चालून आलो आहे.

ही वाट जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर नावाच्या डोंगरावर सुरू होते, चौदा राज्ये ओलांडते आणि मेन राज्यातील कटाडिन शिखरावर संपते. बेंटन मॅकाय नावाच्या गृहस्थांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. घरच्यांना धीर यावा म्हणून मी एक गोष्ट वारंवार सांगत असे, ती म्हणजे कटाडिनची उंची १,६०६ मीटर असून आपली कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे शेवटचे शिखर कळसूबाईपेक्षा चाळीस मीटरने ठेंगणे. संपूर्ण वाटेवरील चढांची बेरीज केली तर ती समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सोळा वेळा चढण्याइतकी होते, हा तपशील मी सांगितला नाही. कर्जाच्या जाहिरातीत व्याजदर मोठ्या अक्षरांत आणि अटी तळाशी बारीक अक्षरांत छापण्याची सवय हाडीमाशी मुरलेली असते.

अडचण दिवसांच्या हिशेबात आली. ही वाट चालायला साधारणतः पाच ते सात महिने लागतात. पर्यटक व्हिसावर तिकडे एका वेळी सहसा सहा महिनेच राहू देतात, आणि तेही उतरल्यावर समोर बसलेला अधिकारी ठरवील तसे. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून निघालेल्या माणसाने ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कटाडिन गाठावे, नाहीतर थंडी त्याला गाठते. मी ३,५०० ला १८० ने भागले आणि दिवसाला साडेएकोणीस किलोमीटर असे उत्तर आल्यावर बायकोला समजेल अशा भाषेत मांडले, "रोज ब्रह्मगिरीची एक छोटी फेरी, एवढेच." ती म्हणाली, "म्हणजे सहा महिने रोज श्रावणातला तिसरा सोमवार. आणि दुसऱ्या दिवशी तुमचे पाय कोण चेपणार?"

पण या सगळ्यापेक्षा खरी कसोटी वजनाची. लांब पल्ल्याचे वाटसरू अन्न, पाणी आणि इंधन वगळून पाठीवर किती ओझे उरते, यावरून एकमेकांची लायकी ठरवतात. जाणकारांच्या मते हे ओझे जितके कमी तितके गुडघे अधिक टिकतात, आणि माझे गुडघे मुळातच टिकवून वापरण्याच्या अवस्थेत आहेत. म्हणून मी एक वही घातली. डावीकडे वस्तू, उजवीकडे ग्रॅम. तंबू, झोपायची पिशवी, शेगडी, कानटोपी, सुई-दोरा, सगळे नोंदले. (शेगडीचा गॅस विमानातून नेता येत नाही हे कळल्यावर मला आनंद झाला, तेवढी एक ओळ तात्पुरती कोरी राहिली.) स्वयंपाकघरातील वजनकाटा माझ्या टेबलावर मुक्कामाला आला. घरात पोळ्यांची कणीक अंदाजाने मळली जाऊ लागली आणि माझे मोजे मात्र ग्रॅमवर मोजले जाऊ लागले.

हा काटा पाच ग्रॅमखाली मौन पाळतो. मी दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने निम्मा कापल्यावर नेमकी किती बचत झाली, हे त्याला सांगता येईना. तेव्हा मी अखंड ब्रश आणि कापलेला ब्रश खिशात घालून थेट सराफ बाजारात आमच्या दोन पिढ्यांच्या सराफांकडे गेलो. दुकानात एका मुलीच्या लग्नाचे मंगळसूत्र पसंत करणे चालले होते. माझी पाळी आल्यावर मी दोन्ही ब्रश लाल मखमलीवर ठेवले. सराफांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण पिढीजात गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची त्यांची रीत नाही. काचेच्या पेटीतल्या काट्यावर त्यांनी पहिला ब्रश ठेवला, "चौदा ग्रॅम दोनशे मिली" असे मुनीमजींना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितले, दुसरा ठेवला, "आठ ग्रॅम शंभर." मग अत्यंत गंभीरपणे विचारले, "यात घट किती धरू?" मंगळसूत्राकडची मंडळी आमच्याकडे वळून पाहू लागली. मी सहा ग्रॅम शंभर मिलीची बचत वहीत टिपून घेतली आणि मागच्या गल्लीतून घरी आलो.

आईचे वय ८१ आहे. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर ती नऊ वेळा चालत गेली आहे, त्यामुळे घरात माझी तोंडी परीक्षा घेण्याचा अधिकार तिच्याकडे आहे.

"सामानाचा ट्रक कुठं असतो?" हा तिचा पहिला प्रश्न.

"ट्रक नसतो, आई. सगळं आपल्याच पाठीवर."

"दिंडी आहे आणि ट्रक नाही?" तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू ही वाट काढणाऱ्यांनी गेल्या शतकात कोणालाच काही विचारले नव्हते. रस्ता चुकला तर काय, असे तिने विचारले. मी झाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले असतात असे सांगितले, ते तिला पटले. अस्वलांपासून वाचवण्यासाठी जेवणाची पिशवी रात्री दोरीने उंच झाडाला टांगायची असते, हे मी पंधरा मिनिटे कागदावर आकृती काढून समजावल्यावर ती म्हणाली, "म्हणजे शिंकं." अस्वलाची तिला विशेष धास्ती वाटली नाही, कारण बिबट्या नाशिकच्या वस्तीत येऊन जातो आणि आपण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो पाहतो. वाटेत अनोळखी लोक वाटसरूंना फुकट खाऊपिऊ घालतात, हे ऐकून मात्र तिचा चेहरा उजळला. तिथे प्रत्येक चालणाऱ्याला एक टोपणनाव मिळते, असेही मी सांगितले. ती म्हणाली, "आम्हाला सगळ्यांना मिळून एकच पुरायचं. माऊली."

तेव्हा मी तिला एमा गेटवुड या आजींची हकिकत सांगितली. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या साध्या कापडी बुटांवर ही सबंध वाट एकट्या चालल्या. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, एवढाच त्यांचा सरंजाम होता. त्यांना अकरा मुले होती. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अकरा मुलं म्हटल्यावर सहा महिने डोंगरात निघून जाणारच की."

आईची संमती मिळाली आणि माझ्या वहीचे दिवाळे निघाले. संमतीबरोबर अंगाऱ्याची पुडी आली, सुंठ आली, वेखंड आले. बायकोने मेतकूट दिले, मेहुणीने उपवासाची भाजणी दिली, कारण सहा महिन्यांत बारा एकादश्या येतात. प्रत्येकाचे म्हणणे एकच, "पन्नास ग्रॅमच तर आहे." वाटेवरच्या टपाल कचेऱ्यांत खाऊची खोकी आगाऊ पाठवून ठेवता येतात, असे मी चुकून बोलून गेलो, तेव्हा शेंगदाण्याच्या लाडवांचे चौदा डबे करायचे ठरले, राज्याला एक. साडेसहा किलोवर आणलेले ओझे पाहता पाहता नऊ किलो तीनशेवर गेले. लहान लहान कर्जांनी मोठी बँक कशी बुडते, हे मी तीस वर्षे फाइलींत पाहिले होते. पाठीवर प्रथमच घेतले.

त्या ओझ्यासह मी गेल्या मंगळवारी पहाटे सरावासाठी पांडवलेणीला गेलो. पायऱ्या चढताना रोज फिरायला येणाऱ्या एका काकूंनी थांबून विचारले, "भाऊ, घरी काही झालं का?" मी हसून नाही म्हणालो, पण पुढच्या वळणावर त्या आपल्या मैत्रिणीला "सुनेनं काढलं असेल" असे सांगत असल्याचे स्पष्ट ऐकू आले. आम्हाला सून नाही. अर्ध्या वाटेवर उजवा गुडघा बोलू लागला आणि मी कठड्यावर टेकलो. पाण्याची बाटली काढायला पिशवी उघडली, तर कानटोपीत गुंडाळलेला एक स्टीलचा डबा हाताला लागला. वहीत नोंद नसलेला. आत पोह्यांचा चिवडा होता आणि वर बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी, "वाटेत भूक लागली तर."

समोर महामार्गावरून ट्रक मुंबईकडे चालले होते. मी तिथेच बसून सबंध डबा संपवला आणि घरी आल्यावर आधी रिकामा डबा काट्यावर ठेवला. बायको दारात उभी राहून पाहत होती. चिवड्यापुरती ४१० ग्रॅमची घट मी लाल शाईने वहीत नोंदवली. ती म्हणाली, "घट कसली? रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग झाली," आणि माझ्या पोटाकडे बोट दाखवून काटा स्वयंपाकघरात घेऊन गेली.