‘रिपोर्टात बदल निघाला तर पिशवी काढा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कापसाचा चुकारा हातात पडायला लागला की हा मेसेज पुन्हा फिरतो. भावकीच्या ग्रुपवर आला, बचत गटाच्या ग्रुपवर आला, आता थेट वहिनींच्या फोनवर आलाय. मजकूर थोडक्यात असा: कॅन्सर रक्तातून, म्हणजे पिढीजात येतो, लाळेच्या एका टेस्टमध्ये शंभर जीन (जनुकं) पाहिले की घरात कोणाला होणार ते आधीच कळतं, रिपोर्टात ‘बदल’ निघाला तर बाईने गर्भपिशवी काढून मोकळं व्हावं, काही निघालं नाही तर जन्मभर निर्धास्त. आणि आईच्या माहेरी कोणाला झाला असेल तरच बघायचं.

‘कॅन्सर रक्तातून येतो.’ शंभरातले साधारण ५ ते १० येतात. सगळ्या घराला रांगेत बसवायला एवढं कारण पुरत नाही.

खरा संताप पिशवीच्या सल्ल्याचा. आपल्याकडे पांढरं पाणी जातं म्हणूनही पिशव्या निघतात, त्यात आता ही भर. रिपोर्ट नीट वाचा. जीनमधल्या बदलांचे पाच वर्ग असतात: घातक, बहुधा घातक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्याला ‘व्हीयूएस’ म्हणतात. बदल दिसला, पण तो चांगला की वाईट हे सांगायला पुरावा नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेवटचे दोन वर्ग बहुतेक लॅब छापतच नाहीत, म्हणून हा एकटाच कागदावर उठून दिसतो आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. जितके जास्त जीन तपासाल तितके असे बदल जास्त निघणार. आपल्या लोकांत तर आणखीच, कारण तुलनेसाठी जमवलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या माणसांची आहे. २०१८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात साडेचौदा लाखांच्या आसपास लोकांच्या तपासण्यांचा अभ्यास छापून आला. ज्या व्हीयूएसचा वर्ग पुढे बदलला, त्यातले ९१ टक्के निरुपद्रवी किंवा बहुधा निरुपद्रवी ठरले. अशा कागदावर कोणी ऑपरेशन टेबलवर झोपतं का?

बरं, अवयवही चुकीचा! बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जीनमधल्या घातक बदलाने मुख्य धोका वाढतो तो स्तनांना आणि बीजांडांना (अंडाशयांना). पिशवी काढली आणि बीजांडं-गर्भनळ्या आतच ठेवल्या, तर धोका जिथल्या तिथे. घातक बदल पक्का सिद्ध झालेल्या बाईला मुलंबाळं झाल्यावर बीजांडं आणि नळ्या काढायचा सल्ला देतात. बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५. कारण नसताना तरण्या वयात बीजांडं काढली की पाळी एकदम बंद होते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पिशवीचा कॅन्सर वाढवणारा आनुवंशिक दोष वेगळा, लिंच सिंड्रोम. तिथेही घातक बदल सिद्ध झालेला लागतो. व्हीयूएस असेल तर कापाकापी नाही, त्या बदलासाठी नातेवाइकांच्या टेस्ट नाहीत. रिपोर्ट जपून ठेवायचा आणि वर्ष-दोन वर्षांनी लॅबला विचारायचं, वर्ग बदलला का?

‘काही निघालं नाही तर निर्धास्त.’ म्हणजे रिपोर्ट खिशात आणि पन्नीत घोटलेला खर्रा गालात! सुपारी, तंबाखू, चुना. यातली नुसती सुपारीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलेली आहे. जीन कितीही स्वच्छ असोत, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर आधी तोंड दाखवा. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, आशाताईंना विचारा.

शिवाय निगेटिव्हला किंमत केव्हा? घरात ज्याला कॅन्सर झाला त्याची टेस्ट आधी झाली असेल तेव्हा. त्याच्यात घातक बदल सापडला, तर बाकीच्यांचा फक्त तोच एक बदल तपासायचा. खर्च बराच कमी आणि उत्तर सरळ हो किंवा नाही. रुग्णाला सोडून धडधाकट भावाची टेस्ट केली आणि काही निघालं नाही, तर त्यातून काहीच कळत नाही. दोष घरात असेल आणि त्याला आला नसेल, किंवा या टेस्टला तो दिसतच नसेल.

एक मात्र कबूल करावं लागेल. रुग्णासाठी बरेच जीन एकदम पाहणं खरंच कामाचं आहे. नुसते बीआरसीए पाहिले तर पीएएलबी-२, टीपी-५३ सारखे दुसरे जीन निसटतात, आणि बीआरसीए निघाला तर ओलापारिबसारखं औषध काहींना लागू पडतं. कोणी विचारावं? बीजांडाचा कॅन्सर कोणत्याही वयात, स्तनाचा ४५ च्या आत, पुरुषाला स्तनाचा, मोठ्या आतड्याचा किंवा पिशवीचा ५० च्या आत, किंवा एकाच बाजूच्या दोघा-तिघांना.

बाजू म्हणजे माहेर-सासर नव्हे, आईची आणि बापाचीही. बापात दोष असेल तर प्रत्येक मुलाला-मुलीला तो यायची शक्यता निम्मी. आत्याला काय झालं होतं ते विचारा. मेसेज तिला विसरला.

डॉक्टरांकडे जाताना तीन पिढ्यांची यादी न्या: कोणाला, कुठला, कितव्या वर्षी. लाळ द्यायची ठरलीच तर आधी अर्धा तास खाणं-पिणं बंद, खर्राही. नाहीतर नमुना बाद होतो आणि परत चक्कर.