ऑटोसेव्ह का नाही, ते आधी सांगा!

सबनॉटिका या समुद्राखाली जगायच्या गेममध्ये ऑटोसेव्ह नाही. २०१८ साली पूर्ण झालेला, जगभर खपलेला गेम, आणि त्यात ऑटोसेव्ह नाही! आपण स्वतः मेनू उघडून सेव्ह दाबलं तर दाबलं, नाहीतर शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं खलास. आज परत तेच झालं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली आहे. गेममधल्या जेलीश्रूमच्या गुहेतून मॅग्नेटाइट हे खनिज घेऊन वर येत होते, वाटेत नव्या वस्तू स्कॅन केल्या होत्या, आणि फट्कन लाइट गेली. आली तेव्हा गेम उघडला, तर मी सकाळच्या जागी. सीमॉथसुद्धा नाही. ती मी आज दुपारीच बांधली होती!

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांना सीमॉथ म्हणजे काय ते कळणार नाही. एक माणूस बसेल एवढी छोटी पाणबुडी. ती मिळेपर्यंत या समुद्रात आपण काहीच नसतो. आधी तिचे तुटके भाग तळाशी शोधून स्कॅन करायचे. मग टायटॅनियमचे १० तुकडे, त्यांचा एक इनगॉट, म्हणजे लगड. काचेसाठी क्वार्ट्झ. वंगणासाठी क्रीपव्हाइनच्या बिया. शिसं सँडस्टोन फोडून, आणि ते पाहिजे तेव्हा नेमकं निघत नाही, चांदी निघते. पॉवर सेलसाठी बॅटऱ्या, बॅटऱ्यांसाठी तांबं आणि अॅसिड मशरूम. शिवाय हे सगळं जोडायला जो तरंगता प्लॅटफॉर्म लागतो, त्याला आणखी एक इनगॉट, आणखी वंगण, आणखी एक पॉवर सेल. गेममध्ये नकाशा नाही. कुठली दरी कुठे, कुठल्या खडकामागे काय दिसलं, हे डोक्यात ठेवायचं. मध्येच रात्र होते आणि हातातल्या टॉर्चपुढचं काही दिसत नाही. एवढं करून ती गोल काचेची गाडी पहिल्यांदा पाण्यात पडते तेव्हा जो आनंद होतो, तो पुन्हा होत नाही. दुसऱ्यांदा बांधताना ती निव्वळ हमाली असते. तो आनंद माझ्याकडून काढून घेतला, याचा राग आहे मला.

गेम कठीण आहे ही माझी तक्रार मुळीच नाही. मला तो कठीणच आवडतो. ऑक्सिजनची टाकी नसेल तर ४५ सेकंदांचा श्वास, साधी टाकी लावली की ७५. तेवढ्यात खाली जायचं, खणायचं, परत यायचं. १०० मीटरच्या खाली गेलं की पीडीए, म्हणजे गेममधलं आपल्याजवळचं बोलकं यंत्र, सांगतो, आता ऑक्सिजन भराभर संपेल. ३० सेकंद उरले की पुन्हा सांगतो. सीमॉथ २०० मीटरपर्यंतच टिकते, त्याखाली नेली तर चेपते, हेही आधीच माहीत असतं. कोसळलेल्या ऑरोरा जहाजाच्या आसपास रीपर लेव्हायथन हा राक्षसी जलचर फिरतो, आणि त्याची आरोळी लांबून ऐकू येते. आरोळी ऐकूनही पुढे गेलात तर तो धरणारच. यात फसवणूक कुठेच नाही. म्हणून तर जीव लागतो या गेमला.

आता हे बघा. सर्व्हायव्हल मोडमध्ये रीपरने मला खाल्लं तर काय जातं? त्या फेरीत गोळा केलेलं सामान. बस. समुद्राखाली मी बांधलेला तळ राहतो, ब्लूप्रिंट म्हणजे वस्तू बनवायचे आराखडे राहतात, पीडीएतली माहिती राहते, मी लाइफपॉडमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या यानात, किंवा तळावर परत उठते. आणि लाइट गेली तर? तळाच्या नव्या खोल्या गेल्या, ब्लूप्रिंट गेले, गाडी गेली, आख्खी दुपार गेली. म्हणजे गेममधल्या सगळ्यात भयंकर प्राण्यापेक्षा आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जास्त नुकसान करतो! हे कुणाला कसं पटतं?

आणि लाइट तर जाणारच. दुरुस्तीसाठी गुरुवारी जाते, तेव्हा गुरुवारी मी पीसी लावतच नाही. पण मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की कुठेतरी फांदी तारेवर पडते, ते कोण सांगून ठेवतं? तक्रारीचा नंबर लागत नाही. लागला तर "काम चालू आहे".

यावर लोकांचं ठरलेलं उत्तर: "दर दहा मिनिटांनी सेव्ह करायचं ना!" अहो, भूक किती, तहान किती, हवा किती, बॅटरी किती, गाडी किती खोल, मागे कोण आहे, एवढं सगळं सांभाळायला लावणारा गेम आहे हा. माणसाला घड्याळाचा विसर पडावा म्हणूनच तो असा बनवलाय. पीडीए मला भूक लागली की सांगतो, तहान लागली की सांगतो. सेव्ह करून बराच वेळ झाला, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. दुसरं उत्तर: "यूपीएस घे." घेईन पैसे साठले की. पण गेममधली उणीव भरून काढायला मी पैसे का खर्च करायचे? आणि गेम क्रॅश झाला तर यूपीएस काय करणार?

जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. माइनक्राफ्ट स्वतःहून सेव्ह करतो. रिमवर्ल्ड करतो, किती दिवसांनी करायचं ते आपण ठरवायचं. द लाँग डार्क कॅनडाच्या बर्फात उपाशी मारतो, दया दाखवत नाही, पण घरात शिरलं किंवा झोपलं की सेव्ह करतो. त्याची धार त्यामुळे तसूभरही कमी झालेली नाही.

मला श्वास वाढवून नकोय. रीपर हळू पोहायला नकोय. तळाचं दार उघडून आत आले की सेव्ह करा, सीमॉथ मूनपूलमध्ये, म्हणजे तळातल्या तिच्या गोदीत, लावली की सेव्ह करा. ज्यांना नको त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये बंद करायचं बटण ठेवा. आणि "त्याने गेममधली भीती कमी होईल" असं मला कुणी सांगू नका. लाइट जाण्याची भीती वाटावी म्हणून मी हा गेम विकत घेतलेला नाही.