लाईटची वाट बघण्यापेक्षा उन्हाचं वेळापत्रक बघा

लाईट गेली की गल्लीत प्रत्येकाच्या तोंडी एकच, ‘कधी येणार?’ माझं स्पष्ट मत आहे, सोलापुरात राहायचं तर निदान मार्च ते जून आपला दिवसच वेगळा लावायला हवा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो. दुपारी घरोघरी कूलर, एसी एकदम सुरू होतात, डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो, फ्यूज उडतो. दुपार निभावली तर संध्याकाळी वळवाचा वारा सुटतो आणि फांदी तारेवर पडते. लाईट बहुतेकदा उन्हाच्या वेळा धरूनच जाते. ‘शेजारी फताटेवाडीला १३२० मेगावॉटचा प्रकल्प, आणि आपल्याकडे अंधार?’ असं लोक चिडून म्हणतात. पण ती वीज ग्रीडमध्ये जाते. आपल्या गल्लीतली तार आणि डीपी टिकली नाही, तर प्रकल्प कितीही जवळ असून काय होणार?

म्हणून आमच्याकडे मोटर, इस्त्री, मोबाईलचं चार्जिंग, सगळं सकाळी आठच्या आत. मे महिन्यात सहाच्या आधी उजाडतं, मुलं तेव्हाच अभ्यासाला बसतात. ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, आणि दुपारी पश्चिमेच्या खिडकीवर जुनी सोलापुरी चादर ओली करून टाकायची. जाड सुती कापड, पाणी बराच वेळ धरतं. आपली हवा कोरडी आहे म्हणून हे जमतं, कोकणात नाही जमणार.

स्वयंपाकाचं तर आपल्या आधीच्या बायकांनी सगळं ठरवूनच ठेवलंय. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी फ्रिजशिवाय कितीतरी दिवस राहते. शेंगा चटणी मिक्सरमध्ये करून बघा, नुसतं कोरडं कूट होतं. उखळात भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कुटत राहिलं की हळूहळू तेल सुटतं, कडेचं कूट आत ओढलं जातं आणि शेवटी चटणी गोळा धरते, तांबूस चमकायला लागते. ती चव बटण दाबून येत नाही.

घरं मात्र आपणच बिघडवली. जुन्या घरांवर माळवद असायचं, म्हणजे लाकडावर मातीचा थर दिलेलं सपाट छत. त्याची जाड माती ऊन आत येऊ देत नव्हती. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. माळवद आता परत येणार नाही, पण स्लॅबला पांढरा चुना मारता येतो, खर्चही फार नाही.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचंय ते. हे सगळं ज्याच्या हातात वेळ आहे त्यालाच जमतं. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, लाईट जाऊन माग बंद पडला की कामगाराची मजुरी बुडते, त्याला ‘पहाटे उठा’ सांगून काय उपयोग? शेतकऱ्याला आठवड्याच्या पाळीत पंपाची थ्री-फेज वीज रात्रीची आली, तर बॅटरी घेऊन सापा-विंचवातून पाणी द्यायला जावंच लागतं. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये आली. ती प्रत्येक शिवारात पोचेपर्यंत मागणी लावून धरली पाहिजे, आणि ती शहरातल्या लोकांनीही केली पाहिजे. उन्हाळ्यात कारखान्यांनी पाळी पहाटे लावावी, ऑफिसं सकाळची करावीत. शाळा सकाळच्या होतात, मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी दुपारचा लोड आजपासून कमी करावा. एकाच फीडरवर, म्हणजे वीज आणणाऱ्या एकाच लाईनवर, कुणाचं घर असतं आणि कुणाचा माग.

येत्या रविवारी आम्ही गच्चीला चुना मारतोय. कसा कालवायचा, किती हात द्यायचे हे बघायचं असेल तर जरूर या. फक्त सातच्या आत या, नंतर स्लॅबवर पाय ठरत नाही.