नाकावर राग, पायात चेंडू

पायात कला आहे, नाकावर राग आहे आणि दोन्हींचं एकत्र काय करावं हे उमगत नाही? मग मधल्या फळीत खेळा. गोलकीपर थोडा विक्षिप्तच असायचा, हे जगाने कधीच मान्य करून टाकलंय. त्याने गोलखांबाला लाथ घातली तरी कुणी ढुंकून बघत नाही. स्ट्रायकरचा रुसवा पुढच्या गोलपर्यंत टिकतो. बचावपटूने डोळे वटारणं तर त्याच्या नोकरीतच येतं. तुमची गोष्ट वेगळी. संघाचा निम्मा खेळ तुमच्या पायांतून जातो, म्हणजे तुमचं बिनसलं की अकरा जणांचं बिनसतं आणि सगळ्या स्टेडियमला ते दिसतं. शिवाय रेफ्री नव्वद मिनिटं तुमच्याच अवतीभवती धावत असतो. भांडायला लांब जावं लागत नाही.

सुरुवात मात्र खेळानेच करावी लागेल. टप्पा कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड, या एका म्हणीवर हा सगळा धंदा उभा आहे, त्यामुळे आधी दूध आणि मग लाथ हा क्रम चुकवू नका. चार बचावपटूंच्या मधून कुणाला न दिसलेला पास आधी द्या, पाण्याच्या बाटल्या नंतर उडवा. क्रम चुकलेल्या मुलांना अकादमीतून घरी पाठवतात आणि त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

एकदा तुमच्यावाचून संघाचं अडायला लागलं की रेफ्रीकडे वळा. निर्णयावर हुज्जत घातली तर पिवळं कार्ड, दोन पिवळ्यांचं एक लाल, एवढंच व्याकरण आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा: रेफ्रीला शिवी एखाद्या वेळी ऐकू येत नाही, विनोद मात्र हटकून ऐकू येतो. डिसेंबर १९९५ मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून खेळणाऱ्या इंग्लंडच्या पॉल गॅस्कॉइनला रेफ्रीचं पडलेलं पिवळं कार्ड सापडलं. त्याने ते उचललं, थाटात रेफ्रीलाच दाखवलं आणि मग परत केलं. रेफ्रीने ते घेतलं आणि गॅस्कॉइनला दाखवलं.

गॅस्कॉइनचा अभ्यास पाठ्यपुस्तकासारखा करा, कारण अश्रूंची किंमत त्याच्याइतकी कुणी सिद्ध केलेली नाही. १९९० च्या विश्वचषकात तुरिनला पश्चिम जर्मनीविरुद्ध उपांत्य सामना होता. जादा वेळेत त्याला पिवळं कार्ड मिळालं. ते स्पर्धेतलं दुसरं, म्हणजे इंग्लंड अंतिम फेरीत गेलं तरी हा बाहेर. तो तिथेच रडायला लागला. पुढे इंग्लंड पेनल्टींवर हरलं, म्हणजे ज्या सामन्याला मुकणार म्हणून तो रडला तो सामना इंग्लंडच्या वाट्याला आलाच नाही. पण तोवर अख्खा देश त्याच्या प्रेमात पडला होता. चेंडूवरची त्याची हुकमत ज्यांना आधी दिसली नव्हती, त्यांनाही डोळ्यांतलं पाणी दिसलं.

आता हाच मनुष्य पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या क्लब स्पर्धेच्या फायनलमध्ये काय करतो पाहा. टॉटनहॅमकडून खेळताना पहिल्या पंधरा-सतरा मिनिटांत त्याने दोन भयंकर फाउल केले. पहिल्यात बूट प्रतिस्पर्ध्याच्या छातीपर्यंत पोचला. दुसऱ्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या गॅरी चार्ल्सवर घेतलेल्या झेपेत स्वतःच्याच गुडघ्याचा लिगामेंट फाटला. दोन्हींपैकी एकालाही कार्ड नाही. त्या दुसऱ्या फाउलच्या फ्री किकवर फॉरेस्टने गोल केला, टॉटनहॅमने तरीही कप जिंकला आणि गॅस्कॉइन इस्पितळात गेला. इटलीच्या लाझिओ क्लबशी ठरलेला सौदा वर्षभर लांबला, किंमत उतरून ५५ लाख पौंडांवर आली. रेफ्रीने त्याला पहिल्या फाउललाच कार्ड दाखवून जरा भानावर आणलं असतं तर त्याचा गुडघा वाचला असता, असं मला राहून राहून वाटतं. लाडक्या खेळाडूवर दया करणारे लोक त्याला किती महागात पडतात याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

पत्रकारांशी कसं वागावं, तेही त्याच्याकडूनच शिका. १९९६ च्या युरो स्पर्धेआधी हाँगकाँगच्या बारमध्ये खुर्चीत बसून घशात दारू ओतून घेणाऱ्या इंग्लंडच्या खेळाडूंचे फोटो छापून आले आणि देशभर संताप उसळला. तुमचा वकील म्हणेल, माफीनामा काढा. गॅस्कॉइनने वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध चेंडू डाव्या पायाने कॉलिन हेंड्रीच्या डोक्यावरून उचलला, उजव्याने खाली पडू न देता गोलमध्ये मारला आणि गवतावर उताणा पडून तोंड उघडलं; सहकाऱ्यांनी त्याच्या घशात बाटलीतून पाण्याची धार सोडली. असा माफीनामा लिहिता येत असेल तर वकील ठेवू नका. गॅस्कॉइनच्या गोष्टीचा पुढचा भाग, दारू, उपचार आणि पुन्हा दारू, तुम्हाला उत्साहाने कुणी सांगणार नाही. तो किश्श्यात बसत नाही.

तुम्हाला बदलून दुसरा खेळाडू उतरवतात, तो क्षण विशेष तयारीचा. फलकावर तुमचा नंबर झळकला की आधी विश्वास बसत नसल्यासारखं बघा, मग शक्य तितक्या लांबच्या वाटेने बाहेर चाला. १९९४ च्या विश्वचषकात डॅलसच्या उन्हात दक्षिण कोरियाविरुद्ध बाहेर काढल्यावर जर्मनीच्या श्टेफान एफेनबर्गने स्वतःच्याच देशाच्या प्रेक्षकांना मधलं बोट दाखवलं. प्रशिक्षक बेर्टी फोग्ट्सने त्याला घरी पाठवलं. सात वर्षांनी हाच एफेनबर्ग बायर्नचा कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीगचा चषक उंचावत होता, तेव्हा त्या बोटाची आठवण काढून चषक परत मागायला कुणी गेलं नाही. ग्रानिट झाकानेही ऑक्टोबर २०१९ मध्ये बरी सुरुवात केली होती: आर्सेनलचा कर्णधार असताना घरच्याच मैदानावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, त्याने कानाला हात लावला, ड्रेसिंग रूमच्या बोगद्याकडे जाताना शर्ट काढला आणि कर्णधारपद गमावलं. पण पुढे गडी बिघडला. शांत झाला, राबू लागला आणि २०२३-२४ मध्ये लेव्हरकुसेनबरोबर एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकून बसला. असं होऊ देऊ नका.

आता वरच्या इयत्तेचा विषय: प्रशिक्षकाशी भांडण. इथे हौशी लोक फसतात, कारण ते चुकीच्या मुद्द्यावर भांडतात. बरोबर मुद्दा निवडा आणि मग तो चुकीच्या पद्धतीने मांडा, म्हणजे भांडण पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. आयर्लंडचा कर्णधार रॉय कीनने मे २००२ मध्ये हे करून दाखवलं. विश्वचषकाच्या तयारीसाठी त्याचा संघ पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर उतरला, तर सरावाचं मैदान दगडासारखं टणक आणि सरावाचं सामान अजून वाटेतच. सराव सामन्यात दमलेले गोलकीपर उतरले नाहीत, त्यावरूनही खटका उडाला. कीनने हे सगळं मुलाखतीत सांगितलं, प्रशिक्षक मिक मॅकार्थीने सर्व खेळाडूंसमोर जाब विचारला, कीनने सर्व खेळाडूंसमोर उत्तर दिलं आणि स्पर्धेचा पहिला चेंडू पडायच्या आत कर्णधार घरी पोचला. देशात दोन तट पडले. वर्ष संपायच्या आत आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला, त्यात नियोजनावर ताशेरे होते. म्हणजे मैदानाबद्दल कीनचं बरोबर होतं. विश्वचषक मात्र होऊन गेला होता.

असं यश मिळालं की माणूस थांबत नाही. २००५ च्या शरदात मँचेस्टर युनायटेड मिडल्सबरोकडून ४-१ ने हरल्यावर कीनने क्लबच्या स्वतःच्या वाहिनीवर सहकाऱ्यांची अशी काही झाडाझडती घेतली की क्लबने ती मुलाखत दाखवलीच नाही. नोव्हेंबरात कीनला निरोप मिळाला. तेव्हा वय ३४ होतं आणि पाय पूर्वीसारखे चालत नव्हते. या दोन वाक्यांचा परस्परसंबंध प्रत्येक होतकरू मनस्वी खेळाडूने रात्री झोपण्यापूर्वी तपासावा. दहा वर्षांपूर्वी याच तोंडाला क्लब ‘नेतृत्व’ म्हणत होता.

सहकाऱ्यांना मारावं का, हा प्रश्न मला वारंवार पडतो. एप्रिल २००५ मध्ये न्यूकॅसलचा ली बॉयर आणि त्याच्याच संघाचा कीरन डायर, दोघेही मिडफिल्डर, घरच्या मैदानावर भर सामन्यात एकमेकांवर तुटून पडले. कारण असं की डायर बॉयरला पास देत नव्हता. अॅस्टन व्हिलाच्या खेळाडूला मध्ये पडून सोडवासोडव करावी लागली. दोघांनाही लाल कार्ड. न्यूकॅसलचा आणखी एक जण लाल कार्ड घेऊन आधीच बाहेर गेला होता, म्हणून न्यूकॅसलने सामना आठ जणांत संपवला. नंतर मॅनेजर ग्रॅम सूनेसने दोघांना पत्रकारांसमोर आपल्या दोन बाजूंना बसवलं. सूनेस स्वतः खेळायचा तेव्हाचे त्याचे टॅकल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी त्या फोटोत मधल्या माणसाकडे बघावं.

हिशोबाचं म्हणाल तर फ्रान्सच्या झिनेदिन झिदानची वही काढा. कारकिर्दीत १४ लाल कार्डं. १९९८ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाच्या खेळाडूवर पाय दिला, दोन सामने बाहेर बसला आणि अंतिम सामन्यात ब्राझीलला डोक्याने दोन गोल मारले. २००६ च्या अंतिम सामन्यात तेच डोकं ११० व्या मिनिटाला इटलीच्या मातेरात्झीच्या छातीवर आदळलं. फ्रान्स पेनल्टींवर हरलं आणि पेनल्टी घ्यायला झिदान मैदानात नव्हता. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल मात्र त्यालाच. एवढी पत तुमच्या खात्यात जमा असेल तर डोकं कुठेही आपटा.

नसेल तर बाक आहेच. बाकावरही प्रतिष्ठा राखता येते. हातेम बेन अर्फा ५ एप्रिल २०१७ रोजी पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून खेळला, दोन गोल केले आणि त्यानंतर त्या क्लबसाठी त्याला एकदाही मैदानावर उतरवलं नाही. पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्याने न खेळल्याचा वाढदिवस केक आणून साजरा केला आणि फोटो जगाला दाखवला. पगार चालू होता. अशा काळात एजंट उपयोगी पडतो. ट्रान्सफर विंडो वर्षातून दोनदा उघडते. तुमचं मन नेमकं त्याच आठवड्यांत दुखावलं जाईल याची काळजी तो घेतो.

वय झाल्यावर काय, ही चिंता नको. १९९६ च्या युरो स्पर्धेतून प्रशिक्षकाला नको ते बोलल्याबद्दल घरी पाठवलेला नेदरलँड्सचा एडगर डेव्हिड्स चाळिशीत इंग्लंडच्या पाचव्या श्रेणीतल्या बार्नेटचा खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही पदांवर होता. आता त्याला घरी पाठवणार कोण? गोलकीपरचा १ नंबरचा शर्ट त्याने स्वतः मिडफिल्डमध्ये घातला आणि लीगच्या पहिल्या आठ सामन्यांत तीन वेळा लाल कार्ड मिळवलं. शिस्तभंगाबद्दल मॅनेजरने खेळाडूला काय सुनावलं असेल, कल्पना करा.

पण सर्वांत दूरदृष्टीचा माणूस अर्जेंटिनाचा हुआन रोमान रिकेल्मे. धावायचा कमी, पास असे द्यायचा की इतरांना धावावंच लागे. बार्सिलोनात प्रशिक्षक व्हान गालशी जमलं नाही, व्हियारेआलमध्ये प्रशिक्षक पेलेग्रिनीशी फिसकटलं, मॅरेडोना राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाल्यावर त्याच्याशीही बिनसलं आणि रिकेल्मेने देशाकडून खेळणं सोडलं. त्याच्या कारकिर्दीचं खरं चित्र मात्र एप्रिल २००१ मधलं. कराराच्या पैशांवरून त्याच्या क्लबचे, बोका ज्युनियर्सचे अध्यक्ष मॉरिसिओ माक्रींशी वाद चालू होता. कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटविरुद्ध गोल केल्यावर रिकेल्मे अध्यक्षांच्या दिशेने गेला आणि दोन्ही कानांमागे हात धरून उभा राहिला: ऐकू येतंय का? नंतर विचारलं तर म्हणाला, मुलीला टोपो जीजो नावाचा टीव्हीवरचा उंदीर आवडतो, त्याची नक्कल केली. माक्री पुढे अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झाले. डिसेंबर २०२३ मध्ये बोकाच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलमध्ये उपाध्यक्षपदासाठी माक्री उभे होते. रिकेल्मे जिंकला आणि क्लबचा अध्यक्ष झाला.

तुम्हीही कधी त्या खुर्चीवर पोचलात तर पहिल्याच दिवशी खेळाडूंचे करार मागवा आणि शिस्तीच्या कलमांतल्या पळवाटा बुजवा. त्या तुमच्याइतक्या कुणाला पाठ असणार? आणि गोल केल्यावर एखादा विशीतला मिडफिल्डर कानांमागे हात धरून तुमच्यासमोर उभा राहिलाच, तर त्याला मुलगी आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.