अपडेट बंद करू नका, त्याला आवर घाला
विंडोज कॉम्प्युटरबद्दलच्या तुमच्या लेखात दोन उपाय दिलेत: मागे चालणारे अपडेट नेट खातात म्हणून सर्व्हिसेसमधून (मागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीतून) विंडोज अपडेट डिसेबल, म्हणजे बंद करायचं, आणि सारखी परवानगी विचारली जाते म्हणून घरातल्या सगळ्यांना अ‍ॅडमिन, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळे बदल करायचे अधिकार असलेले, करून टाकायचं. कृपया हे करू नका. विशेषतः मुलं किंवा आजी-आजोबा तोच कॉम्प्युटर वापरत असतील तर.

विंडोज अपडेट सिस्टिमच्या स्वतःच्या अधिकारात चालतं. साध्या, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या स्टँडर्ड खात्यावरही ते येतंच, त्यासाठी अ‍ॅडमिन असायची गरज नाही. डेटा वाचवायचा असेल, मोबाइलचं हॉटस्पॉट वापरत असाल, तर त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (या नेटचा डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणारी सेटिंग) चालू करा. बहुतेक मोठे डाउनलोड थांबतात. ऐन कामात रीस्टार्ट नको असेल तर 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आहेत, म्हणजे आपली कामाची वेळ ठरवून द्यायची सेटिंग.

म्हणून रोजच्या वापराचं खातं स्टँडर्डच ठेवा. ते स्टँडर्ड करण्याआधी मात्र दुसरं अ‍ॅडमिन खातं बनवा आणि त्यात लॉगिन होतंय हे प्रत्यक्ष पाहा. एकही अ‍ॅडमिन उरला नाही तर परवानगीच्या खिडकीत 'येस'चं बटणच दाबता येत नाही, आणि मग साधा प्रिंटर ड्रायव्हर टाकणंही अडतं. हा इशारा लेखात वरच, ठळक अक्षरांत टाकावा ही विनंती.