सरांचं नाव काढा, मग बोलू

आज नौपाड्यातल्या एका ओळखीच्या घरून पर्सनल स्टेटमेंटचा, म्हणजे प्रवेश अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या निबंधाचा, मसुदा वाचायला आला आणि डोकंच फिरलं. मुलगा अमेरिकेत बीएस करतोय, तिथल्याच मेडिकल कॉलेजांत एमडीसाठी अर्ज टाकणार. सुट्टीत इथे आला होता तेव्हा एका नामांकित सर्जनकडे ऑब्झर्व्हर म्हणून जायचा. पहिल्या वाक्यात सरांचं नाव, दुसऱ्यात त्यांचे पुरस्कार, तिसऱ्यात त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा. पोरगा उगवतो थेट चौथ्या परिच्छेदात, तोही सरांच्या मागे उभा.

एएमसीएएसच्या, म्हणजे तिथल्या बहुतेक एमडी कॉलेजांसाठी एकत्र भरायच्या ऑनलाइन अर्जात या निबंधाला ५,३०० कॅरॅक्टर मिळतात, स्पेस धरून. म्हणजे इंग्रजीत साधारण आठशे शब्द. त्यातले अकराशे कॅरॅक्टर सरांवर गेलेत. पाचवा हिस्सा! कॉलेजात प्रवेश सरांना हवाय की याला?

आपल्याकडे नाव सांगितलं की दारं उघडतात, हे आपण लहानपणापासून बघतो, त्यामुळे आईबापांना दोष तरी किती द्यायचा. नीटला असलं काही लिहावंच लागत नाही, मार्कांवर काम होतं. मग निबंध म्हटला की लोक शिफारशीच्या चिठ्ठीसारखा लिहायला घेतात. पण ओहायोतल्या प्रवेश कमिटीवर बसलेल्या प्राध्यापकाला आपले सर कोण हे माहीतच नसतं. आणि माहीत असलेच, तर जास्त पंचाईत. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येणार: त्यांच्या कामातलं तुला काय पटलं, काय नाही? तिथे "ते फार ग्रेट आहेत" एवढंच उत्तर असेल तर झालं.

दुसरी गोची कोणी सांगत नाही. एवढं नाव घेतलंय, मग सरांचं शिफारसपत्र कुठे आहे? या मुलाकडे नाहीये. वाचणारा सरळ समजतो की ओळख तोंडदेखली होती. आणि पत्र जोडलेलं असेल तर तीच कहाणी दोनदा कशाला? नावाची हक्काची जागा अर्जातल्याच वर्क अँड अ‍ॅक्टिव्हिटीज या भागात आहे. तिथे पंधरा नोंदी करता येतात, नोंदीला ७०० कॅरॅक्टर आणि सोबत संपर्कासाठी व्यक्तीचं नाव. टाका की सरांना तिथे, पूर्ण नावानिशी.

पण खरी तिडीक गेली ती या वाक्याने: सरांचा माझ्यावर इतका विश्वास होता की त्यांनी मला टाके घालू दिले.

अरे बाबांनो! प्रशिक्षण नाही, परवाना नाही, आणि जिवंत माणसाच्या कातडीत सुई? याला वाटतंय मोठेपणा लिहिलाय. तिथल्या कमिटीला दिसणार असा मुलगा, ज्याला "नको" म्हणता आलं नाही, आणि असे सर, ज्यांनी पेशंटला बहुधा विचारलंही नाही. परदेशात जाऊन असले उद्योग करू नका म्हणून तिकडे प्री-मेडच्या, म्हणजे मेडिकलच्या तयारीतल्या, मुलांना बजावून सांगतात. एका ओळीत स्वतःचाही घात आणि सरांचाही, आणि घरच्यांनी नेमकी तीच ओळ पिवळी करून पाठवलीय, "ही छान आहे ना?" म्हणून.

बरं, रागाने टाइप करतोय, जरा थांबतो. मुलगा वाईट नाही. मसुद्याच्या शेवटाकडे एक जागा आहे: ऑपरेशन लांबलं, बाहेर बसलेल्या म्हातारबाबांना कोणी काही सांगेना, तेव्हा हा सिस्टरला विचारून त्यांच्याशी बोलायला गेला आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून नुसता शेजारी बसला. दोन ओळींत उरकलंय! सरांचे अकराशे कॅरॅक्टर इथे द्यायला हवे होते. बाबांनी काय विचारलं, कोणत्या प्रश्नाचं उत्तर याच्याकडे नव्हतं, सिस्टरने काय सांगितलं, दुसऱ्या दिवशी याने काय वेगळं केलं.

तपासायची रीत सोपी आहे. नावाच्या जागी "एक वरिष्ठ सर्जन" टाका आणि परिच्छेद परत वाचा. उभा राहिला तर ठेवा. कोसळला तर तो परिच्छेद नावाच्याच टेकूवर होता. हेही सबमिट करण्याआधी, कारण नंतर निबंधात काना-मात्राही बदलता येत नाही. आणि नाव ठळक करण्याची हौस असेल तर तीही विसरा, तिथे साधा मजकूर जातो.

कोणी म्हणेल, दोन वर्षं प्रयोगशाळेत राबलाय, रिसर्च पेपरवर सरांसोबत नाव आहे, मग? ठीक आहे, घ्या नाव. एकदा. विशेषणं न लावता, आणि पुढच्याच वाक्यात स्वतः काय केलं ते.

सरांचं पत्र खरंच हवं असेल तर दीड-दोन महिने आधी मागा. सोबत सीव्ही, निबंधाचा मसुदा आणि त्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं असे दोन-तीन प्रसंग एका कागदावर लिहून द्या, नाहीतर "मुलगा हुशार व मेहनती आहे" एवढं चार ओळींचं लेटरहेड येतं. त्यापेक्षा ज्या ज्युनियर कन्सल्टंटने रोज पाहिलंय त्यांना लिहू द्या आणि खाली सरांचीही सही घ्या. नाव आपोआप येतं, आणि निबंधातलं एक कॅरॅक्टरही खर्च होत नाही.